पदराखालचे हात

पौष, संकष्टी

साळूची शाळेतली वही सापडली. अर्धी कोरी आहे, तिच्यात लिहिते. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही बाप शाळेत शिपाई होता म्हणून. वही कणगीत बाजरीखाली ठेवणार. सोपान, माझा लेक, वाचतो, पण कणगीत हात घालणं त्याला कमीपणाचं वाटतं. साळू त्याची लेक. तिला आता वाकवत नाही, आठवा लागला आहे. पहिलटकरीण म्हणून माहेरी आणली. माहेर म्हणजे मी आणि तिचा बाप. तिची आई ती तीन वर्षांची असतानाच गेली.

लिहायचं कारण असं की तोंडानं सांगायला माणूस नाही, आणि पोटात ठेवलं तर घास उतरत नाही.

आज चावडीवर सरकारी माणूस आला होता, रक्तपितीची, म्हणजे महारोगाची, माहिती द्यायला. त्यानं चित्रं टांगली. अंगावर फिके चट्टे पडतात म्हणाला, कुणाला गाठी येतात, कानाच्या पाळ्या जाड होतात. आणि खूण अशी की तिथं टाचणी टोचली तरी कळत नाही. "आता औषध आहे, लपवू नका," असंही म्हणाला. औषधाचं कुणी ऐकलं नाही. जो तो शेजाऱ्याच्या कानाकडं बघत होता.

मी हात पदराखाली घेतले.

उजव्या हाताला पाच गाठी आहेत. दिवाळीला एक होती, करंगळीच्या पेरावर. चामखीळ म्हणून सोडून दिली. मला कुणी चामखीळ शिकवू नये. या महाळुंग्यातल्या निम्म्या पोरांच्या चामखिळी मी घोड्याच्या केसानं बांधून पाडल्या आहेत. मंचरचा बदरुद्दीन टांगेवाला शेपटीचे केस आणून देतो, वर म्हणतो, "मावशी, माझा घोडा बोडका करता का?" पण चामखीळ पोरांना येते, एक नाहीतर दोन. साठीच्या बाईला पाच?

पौष वद्य सप्तमी

घोड्याचा केस बांधायचा तर गाठीला मान पाहिजे. या बुटक्या, बसक्या, वर खरखरीत. केस सटकतो. एका हातानं स्वतःलाच बांधायचं, दातात टोक धरून. अर्धा तास खटपट केली आणि फक्त घोडा खाल्ला.

चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावला. रुईचा चीक लावला. आग झाली, गाठ आहे तिथंच.

शेजारच्या ठमाबाईला आडून विचारलं. म्हटलं, एका पोराला खूप चामखिळी आल्यात.

ती म्हणाली, "बेडूक धरला आसंल मेल्यानं. न्हाईतर तारे मोजले आसतील."

"पोरगं पाचापुढं मोजत न्हाई, तारे काय मोजतंय?"

"मग म्हसोबाला मीठ वाहा. मीठ इरघळलं की चामखीळ गेली. आन् कुनाचं पोरगं गं?"

"तुझं न्हाई, एवढं बास."

मूठभर मीठ वाहून आले. सोपानची गाय पाठोपाठ गेली आणि चाटून आली.

पौष वद्य दशमी

सहावी आली. डाव्या हाताला, तर्जनीच्या नखाशी. म्हणजे एका हातावरून दुसऱ्यावर चालत आली.

माघ शुद्ध द्वितीया

बिब्बा लावला. बिब्ब्यात सुई खुपसून दिव्यावर धरला की काळं तेल सुटतं. ते सगळ्यात मोठीवर लावलं, अंगठ्याजवळच्या. हात धरून बसले. ओरडायची सोय नाही, साळू ओसरीवर वाती वळत होती.

माघ शुद्ध चतुर्थी

फोड आला, फुटला, लस आली. साळूनं विचारलं, "आजे, हाताला चिंधी कशाची?" म्हटलं, विळीनं कापलं. ती म्हणाली, "तू कधी कापून घेतलंस का गं आजवर?" पोरीला नको तिथं अक्कल आहे.

माघ शुद्ध एकादशी

फोड सुकला. वर काळी खपली धरली, जाड. आज उपवास, घरात कुणी नव्हतं. गोधडीची सुई घेतली आणि टोचली.

कळलं नाही.

आणखी आत घातली. कळलं नाही. करंगळीवरच्या जुन्या गाठीवर टोचली. तिथंही नाही.

माघ शुद्ध द्वादशी

काल पुढं लिहिता आलं नाही.

माझं ताट-तांब्या वेगळा केला. गोठ्याच्या खिळ्याला अडकवलं. भाकरी थापणं सोडलं. साळूला सांगितलं, माझं मनगट दुखतंय, तू थाप. आठ महिन्यांची पोटुशी पोर चुलीपुढं बसली आणि मी उंबऱ्यावर बसून पीठ कसं मळावं ते सांगत होते. बघणाऱ्याला वाटेल, काय कैदाशीण आहे.

माघ, पुनव झाल्यावर दुसरा दिवस

साळू तेलाची वाटी घेऊन माझ्यापुढं बसली. तिच्या कमरेला कळ येते. आल्यापासून रोज मीच चोळत होते. या गावात मी साठ-सत्तर बाळंतिणी चोळल्या आहेत आणि तितकीच पोरं पायांवर घेऊन न्हाऊ घातली आहेत. माझा हात म्हणजे हात, असं लोक म्हणतात. तिनं पाठ केली माझ्याकडं.

मी म्हटलं, "आज न्हाई."

"परवा बी न्हाई म्हनालीस."

"मग उद्या बी न्हाई. ठमाबाईला बोलीव."

"ती मिसरीच्या हातानं चोळती. आजे, माझं काय चुकलं का?"

"चुकायला तू काय केलंस? खातीस आन् झोपतीस."

ती उठली. वाटी तिथंच. थोड्या वेळानं आतनं म्हणाली, "सासरी अवसरीला ऱ्हाईले असते तर बरं झालं असतं. तिथं निदान आधीच माहीत व्हतं का कुनी हात लावनार न्हाई."

मी पदरानं धरून वाटी फळीवर ठेवली.  

माघ वद्य तृतीया

खरं लिहायचं तर येसूचं लिहायला पाहिजे.

मी या गावात लग्न होऊन आले तेव्हा येसू आमच्या आळीत राहायची. माझ्याच वयाची. तिच्या बोटांना अशाच गाठी आल्या. पहिली बघितली मी, पाणवठ्यावर. सासूला सांगितली मी. सासूनं चावडीवर सांगितली. ओढ्यापलीकडं तिला खोप घालून दिली. तिचं पोर अंगावर पीत होतं, ते तिच्या मांडीवरनं उचलून घेतलं. उचलणारीही मीच, कारण दुसरी कुणी पुढं होईना.

खोपीजवळ धोंडा होता. भाकरी धोंड्यावर ठेवून मागं व्हायचं. एकदा मी घाईत होते, लांबूनच तव्यावरची भाकरी तिच्याकडं फेकली. तिनं झेलली आणि टाकून दिली. "भाजलं गं चिमे," म्हणाली आणि बोटं तोंडात घातली. मला हसू आलं होतं.

दोन पावसाळे काढले तिनं. पोर तर आधीच गेलं होतं.

मला कुणी वाईट म्हणालं नाही. गाव वाचवलं म्हणाले. म्हणून मला माहीत आहे, गाव काय करतं. दुसऱ्याला नुसती भीती वाटत असेल. मला वाट पाठ आहे.

माघ वद्य अष्टमी

साळूच्या पोटावर हात ठेवून पोर फिरलंय का बघायला पाहिजे. ठमाबाईला बोलावलं. तिनं बघितलं, म्हणाली डोकं खाली आहे. मी दारातनं विचारलं, "नीट बघितलंस?" ती म्हणाली, "मग तू बघ की. पांडुरंगानं तुला हात दिलेत न्हवं?"

साळू माझ्याकडं बघत होती. मी मागं वळले आणि गाईला पेंड घातली. गाईनं नुकतीच खाल्ली होती.

फाल्गुन शुद्ध तृतीया

आज मत होतं, शाळेत. जायचं नव्हतं. सोपान ऐकेना. "आये, गेल्या बारीला तू सगळ्यात फुडं व्हतीस." दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळल्या आणि गेले.

बायकांची रांग वेगळी. माझ्यामागं ठमाबाई. टेबलावरचा मास्तर म्हणाला, "आजी, डावा हात. शाई लावायची."

"चिंधीवर लावा."

"चिंधी मत देणार आहे का? सोडा ती."

मी मधलं बोट पुढं केलं. तो म्हणाला, त्याच्या शेजारचं. त्यानंच चिंधी ओढली. नखाजवळची गाठ आता वालाएवढी झाली आहे. त्याचा हात थबकला. मग त्यानं काडीच्या टोकानं शाई लावली, लांबनं, जसं काही मी चावणार होते.

मागनं ठमाबाई म्हणाली, "अगं बया! चिमाबाई, हे काय गं?"

 माझ्यामागं एकीची जागा मोकळी झाली, मग दोघींची. मी मत दिलं. कुणाला दिलं ते मला आठवत नाही.

फाल्गुन शुद्ध चतुर्थी

सकाळी कुशाबा पाटील आला. अंगणातच उभा राहिला. एरवी चहा घेतल्याशिवाय हलत नाही.

"सोपाना, राग मानू नको. म्हातारीला पाणवठ्यावर पाठवू नको, एवढंच."

सोपान म्हणाला, "तुमाला कुनी सांगितलं?"

"समद्या गावाला म्हाईत हाये. आन् अवसरीला बी निरोप गेलाय म्हनं. तुझे याही काय म्हंत्यात ते बघ आता. बाळंत व्हनाऱ्या पोरीला त्या घरात ठेवायची का, त्यांचं त्ये ठरवतील."

मला वाटलं होतं, मला ओढ्यापलीकडं घालतील. साळूचं आणि पोराचं दार बंद होईल हे माझ्या डोक्यात नव्हतं.

पाटील गेल्यावर सोपान माझ्यापुढं बसला. "दाव हात."

"न्हाई."

"आये, गोठ्यातल्या खिळ्याचं ताट मी म्हयनाभर बघतोय. तू सांगशील म्हनून गप व्हतो. दाव."

दाखवले. साळू दारात उभी होती. तिनं बघितलं आणि तिथंच खाली बसली, भिंतीला धरून. मला वाटलं, घाबरली. म्हणाली, "एवढंच व्हतं? आजे, एवढंच व्हतं व्हय गं?" आणि रडायला लागली. एवढंच म्हणे. पोरीला अजून अक्कल यायची आहे.

फाल्गुन शुद्ध पंचमी

मंचरला सरकारी दवाखान्यात जाऊन आले. सविस्तर लिहिते.

बदरुद्दीनचा टांगा, सोपान बरोबर. तो आमच्या गावातलं सगळं ऐकून होता. मी मागं बसायला गेले, तर म्हणाला, "फुडं बसा मावशी. माझ्या घोड्याच्या शेपटीला तुमीच लई हात लावलेत, त्याला तरी कुठं काय झालंय?"

डॉक्टर पोरगेलासा, चष्म्याचा. माझे हात त्यानं आपल्या उघड्या हातात घेतले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणी धरले. मी ओढून घेत होते.

"टोचून बघितलं का तुम्ही?" त्यानं विचारलं.

"बघितलं. कळत न्हाई."

"कुठं टोचलं?"

"गाठीवर. आन् बिब्बा लावल्याला तिथं."

तो हसला नाही, नाहीतर मी उठून आले असते. म्हणाला, "डोळे मिटा."

"मेल्यावर मिटायचेच हायेत, आत्ता कशाला?"

"मिटा, आजीबाई."

मिटले. आणि मेल्यानं सुई अशी टोचली की मी त्याच्या आईपर्यंत गेले. डोळे उघडले. सुई गाठीच्या शेजारच्या चांगल्या कातडीत होती. मग त्यानं पिसानं, कापसानं, दोन्ही हात, कोपर, पाय, पाठ सगळं बघितलं. कोपराची शीर चाचपली, कानाच्या पाळ्या दाबल्या. शेवटी पात्यानं गाठीचा वरचा थर खरवडला. आत काळे ठिपके होते, मोहरीहून बारीक, आणि रक्त आलं.

"हे रक्ताच्या बारीक नळ्यांचे ठिपके. ही चामखीळ आहे. सगळ्या चामखिळीच आहेत. रक्तपिती नाही. तुम्ही टोचलं ते मेलेल्या कातडीत, नखात टोचल्यासारखं. एका जागी घट्टा, दुसऱ्या जागी बिब्ब्यानं जाळलेलं. तिथं काय कळणार?"

मी विचारलं, मग एवढ्या कशा? पोरांची तर एकच असते. त्यानं सांगितलं, चामखिळीच्या जाती आहेत. हातावरची ही खरखरीत. तोंडावर येते ती चपटी, मसुरीच्या डाळीसारखी, दाढी करताना पसरते. तळपायाला येते ती आत दबते आणि लोक कुरूप म्हणून कापत बसतात. पापणीला, मानेला बारीक दोऱ्यासारखी येते. सगळ्यांचं कारण एक, जंतू. इतका बारीक की दिसत नाही.

"दिसत न्हाई तर तुमाला कुठनं दिसला?"

"मलाही नाही दिसला, मोठ्या यंत्रात दिसतो. तो ओल्या, चिरलेल्या कातडीतनं आत जातो. बेडकाचा काही संबंध नाही. तुमचे हात सारखे पाण्यात असतात का? कुणाच्या चामखिळीला हात लावता का?"

 सोपाननं सांगितलं, गावातल्या पोरांच्या चामखिळी हीच बांधते, नखानं कुरतडून, मग केस आवळून.

"मग झालं," डॉक्टर म्हणाला. "त्यांच्या उतरवल्यात आणि स्वतःवर चढवल्यात."

उपाय त्यानं असे सांगितले. काहीच केलं नाही तरी पुष्कळ जणांच्या वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातात, पोरांच्या लवकर. घाई असेल तर औषध आहे. रात्री हात गरम पाण्यात भिजवायचा, वजरीनं घट्टा घासायचा, औषध फक्त गाठीवर लावायचं, बाजूला लागू द्यायचं नाही, अडीच-तीन महिने. हाताची वजरी पायाला वापरायची नाही. पुण्याला मोठ्या दवाखान्यात विजेच्या सुईनं जाळतात, पण तिथंही परत येऊ शकते. बिब्बा, चुना, सोडा, केस बंद.

"आन् घरात पोर येनार हाये," मी म्हटलं. "न्हाऊ घालायचं."

तो म्हणाला, "पोराला मोठा धोका नाही. पण गाठी गळेपर्यंत उघड्या हातानं चोळू नका. हात झाकून जवळ घ्या. न्हाऊ दुसऱ्यानं घालावं."

निघताना मी विचारलं, "डॉक्टर, रक्तपितीच्या मानसाला ताजी भाकरी हाताला भाजती का?"

"बोटं बधिर झाली असतील तर नाही भाजत. सुरुवातीला कळूही शकतं. बघितल्याशिवाय कसं सांगू? कुणाला आहे?"

"बघायला न्हाई आता ती."

टांग्यात सोपान आणि बदरुद्दीन बोलत होते. मला परत येईपर्यंत काही ऐकू आलं नाही.

फाल्गुन शुद्ध सप्तमी

डॉक्टरची चिठ्ठी सोपाननं चावडीवर वाचून दाखवली. कुशाबा म्हणाला, चिठ्ठीवर शिक्का आहे खरा. ठमाबाई म्हणाली, शिक्का सरकारचा हाये, हात चिमाबाईचे हायेत. अवसरीहून जावई सयाजीचा काही निरोप नाही. बरा नाही, वाईट नाही.

मला वाटत होतं, कारण कळलं की भीती जाते. भीतीला चिठ्ठी वाचता येत नाही.

फाल्गुन शुद्ध दशमी

साळू मोकळी झाली. मुलगी.

पहाटे कळा लागल्या. सोपान ठमाबाईकडं गेला. तिनं कडी काढली नाही, आतनंच म्हणाली, ताप आलाय. दुसरीकडं गेला, तिलाही ताप. गावात बायकांना एकदम साथ आली. मग तो सायकलवर मंचरला बदरुद्दीनकडं गेला. मी साळूपाशी. तिनं माझा हात धरायला हात पुढं केला. मी पदर मुठीत घेऊन तो पुढं केला. तिनं पदराचा बोळा धरला आणि इतका पिळला की आतली माझी बोटं मोडायची बाकी होती. तेव्हा कळलं की मी पदरासकट हातही दिला होता.

दिवस वर आला तेव्हा टांगा आला. बदरुद्दीनची बायको हाजराबी खाली उतरली, बाह्या वर केलेल्या. तिचीच आठ झालेली. मला म्हणाली, "तुमी सांगा आपा, मी करते." मी सांगितलं. तिनं केलं. नाळेची दोरी, पातं उकळणं, सगळं. एकदा मी ओरडले, "वडू नको, वाट बघ!" तर म्हणाली, "बाई गं, घोडा बरा." साळू कळांतही हसली.

जाताना हाजराबी म्हणाली, रोज येता येणार नाही, घरी माणसं आहेत. उद्या न्हाऊ कोण घालणार?

फाल्गुन शुद्ध एकादशी

कुणी आली नाही. ऊन अंगणात आलं. मुलगी कालच्या चिकट अंगानं रडत होती. साळूला उठू द्यायचं नाही. मी सोपानला म्हटलं, "हात धू. कोपरापातुर. नखं काढ."

"मी?"

"मग काय गाय घालनार हाये न्हाऊ?"

"आये, बाप्या मानूस कधी..."

"बाप्या मानूस खातो, झोपतो, मत देतो. आज न्हाऊ घालील. बस."

न्हाणीत पाट टाकून मी पाय लांब केले, दोन्ही घोटे जोडून. माझ्या पायांना काही नाही, डॉक्टरनं बघितलं आहे. हात पाठीमागं बांधल्यासारखे ठेवले, वर धुतलेल्या चिंध्या. सोपाननं मुलगी माझ्या नडग्यांवर उताणी ठेवली. किती हलकी. पाय माझे, हात त्याचे, तोंड माझं.

"मान धर. मान! बटाटा धुतोयस का? आधी पायांवर पानी, मग पोट. डोक्यावर शेवटी. साय चोळ. दाबू नको रं, शेत न्हाई ते."

त्याचे हात कांदा काढून काढून फाटलेले. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या. साळू दाराच्या फटीतनं बघत होती आणि तोंडावर पदर धरून हसत होती की रडत होती, कळेना.

पालथी करताना मुलगी सायीनं निसटली. सोपानच्या हातातनं गेली, माझ्या नडगीवरनं घसरली, खाली फरशी. माझा हात कधी पुढं आला मला ठाऊक नाही. चिंधी ओली होऊन सुटलेली. उघड्या तळव्यात तिचं डोकं. उबदार काहीतरी धडधडत होतं, टाळूवर.

सोपान म्हणाला, "आये..."

"पानी घाल," मी म्हटलं. "बघतोस काय, गार पडंल ती."

त्यानं पाणी घातलं. पुसताना मी हात काढून घेतला. हाजराबीनं ठेवलेल्या साबणानं मुलीचं डोकं परत धुवायला लावलं, दोनदा. मग दिवसभर तिच्याजवळ बसून टाळूवर, कानामागं, मानेच्या घडीत गाठ उगवली का बघत होते. साळू म्हणाली, "आजे, एका दिसात न्हाई येत ती." मला माहीत आहे. डॉक्टरनं सांगितलं आहे, महिने लागतात.

दिवेलागणीला परत बघितलं. काही नाही. उद्या सकाळी उन्हात धरून बघेन.